मोहाच्या दिवसांत गेट कुणासाठी उघडतं?

प्रति,
मा. प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव),
महाराष्ट्र राज्य, वन भवन, नागपूर

विषय : ताडोबाच्या बफरमधलं उन्हाळी पर्यटन, आणि तेच गडचिरोलीत नेण्याआधी करायचा विचार

महोदय,

मार्च सरता सरता आमच्याकडे मोह टपकायला लागतो. फूल रात्री आणि पहाटे गळतं. ऊन चढायच्या आत वेचलं नाही तर अस्वलं, चितळं, रानडुकरं ते संपवतात. म्हणून बाया अंधारातच टोपल्या घेऊन निघतात. त्याच वेळी आगरझरी, जुनोना, अलीझंझा, मोहर्ली, कोलारा इथल्या गेटांवर जिप्स्यांची रांग लागलेली असते. सफारीसाठी उन्हाळ्यासारखा हंगाम नाही. नाले आटतात, झाडोरा विरळ होतो, वाघ पाणवठ्यावर बसलेला सापडतो. मग मे उजाडतो, तेंदूपत्त्याचे फड लागतात, पारा पंचेचाळिशी ओलांडतो आणि पर्यटकांची गर्दीही टिपेला पोचते. एकाच जंगलात, एकाच पहाटे दोन प्रकारची माणसं शिरतात. एकांना आपलं खातं तिकीट देतं, दुसऱ्यांना सूचना.

हे पत्र त्या पहाटेबद्दल आहे.

माझी नोकरी या जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत गेली, त्यातली बरीचशी जंगलालगतच्या गावांत. आज गेटवर गाईड म्हणून उभी असणारी, जिप्सी चालवणारी काही मुलं माझ्या हाताखालून गेली आहेत. त्यामुळे पर्यटन बंद करा, असं मी म्हणणार नाही. ज्या गावात बारावी झालेल्या पोराला पुण्याची नाहीतर नागपूरची कंपनी हाच रस्ता होता, तिथे त्याला पक्ष्यांची नावं सांगून पैसे मिळतात, ही साधी गोष्ट नव्हे. पूर्वी फक्त सरपणाच्या मोळ्या वाहणाऱ्या घरांतल्या मुली आता गाईड म्हणून बोलतात, तेव्हा मला त्यांचा अभिमान वाटतो. बफरमधल्या शाळकरी मुलांना आत नेणारा ‘चला माझ्या ताडोबाला’ हा आपल्या लोकांचा उपक्रमही मला मनापासून आवडतो. तक्रार वेगळी आहे. संवर्धन आणि पर्यटन यांचा तोल साधायचा, असं आपलं खातं म्हणतं, तेव्हा तराजूच्या एका पारड्यात वाघ असतो आणि दुसऱ्यात पाहुणा. गावासाठी पारडंच नसतं. गाव म्हणजे तराजू धरायला लागणारा खांब, असं काहीसं ते गणित आहे.

कायदा असं म्हणत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियमात २००६ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यातलं कलम ३८-व्ही आपण माझ्यापेक्षा चांगलं जाणता. कोअर म्हणजे माणसाच्या वापरापासून मुक्त ठेवायचं क्षेत्र. बफर म्हणजे वन्यजीव आणि माणसाचे व्यवहार एकत्र नांदतील असं क्षेत्र, जिथे स्थानिकांचे उपजीविकेचे, विकासाचे, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्क मान्य करायचे. आणि त्याची हद्दसुद्धा ग्रामसभेशी सल्लामसलत करून ठरवायची. ताडोबाचं बफर २०१० मध्ये अधिसूचित झालं, सुमारे ११०१ चौरस किलोमीटरचं. कोअर ६२५. म्हणजे व्याघ्र प्रकल्पाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग हा कायद्याच्या भाषेत गावांसोबत वापरायचा आहे. त्या कलमात पर्यटकाचा हक्क कुठेही लिहिलेला नाही. तरी आज बफर म्हटलं की मुंबई-पुण्याच्या माणसाला काय आठवतं? कोअरचं बुकिंग मिळालं नाही तर करायची सफारी.

हे असं झालं कसं, याचा थोडा माग काढतो. २४ जुलै २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या कोअरमधलं पर्यटन तात्पुरतं थांबवलं होतं. ऑक्टोबरात बंदी उठली, पण राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांसह. कोअरचा जास्तीत जास्त २० टक्के भाग पर्यटनासाठी, तोही असलेला वापर न वाढवता. कोअरला टोपण बसलं. मागणी मात्र वाढतच राहिली, कारण वाघही वाढत होते. महाराष्ट्रात २०१४ च्या गणनेत १९० वाघ होते, २०१८ ला ३१२, २०२२ ला ४४४. आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा चंद्रपूरचा. मग पाणी उतारावर जावं तसे पर्यटक बफरकडे वळले. एकामागून एक गेटं उघडली. कोअर १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतं, तेव्हाही बफरमध्ये गाड्या फिरतात. काही ठिकाणी रात्रीच्या सफाऱ्याही सुरू झाल्या होत्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये कॉर्बेट प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र अधिवासातलं रात्रीचं पर्यटन थांबवायला सांगितलं. मला त्या आदेशाचा आनंद झाला आणि थोडं वाईटही वाटलं. रात्री गावाच्या शिवारात दिवे फिरू नयेत, एवढी साधी गोष्ट ठरवायला उत्तराखंडातल्या खटल्याची वाट पाहावी लागली.

आता मे २०२५ कडे येतो. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात मेंढा-मालच्या तीन बाया तेंदूपत्ता तोडायला गेल्या होत्या. वाघाच्या हल्ल्यात तिघीही गेल्या. एकाच दिवशी, एकाच गावच्या. तो मे महिना संपेपर्यंत जिल्ह्यात अशा बातम्या थांबल्या नाहीत. हे जंगल ताडोबाच्या बफरमध्ये नाही, ब्रह्मपुरी वनविभागात आहे, हे मला माहीत आहे. वाघाला ती रेषा माहीत नाही. ताडोबात वाढलेली पिल्लं तरुण झाली की जागा शोधत ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीड आणि पुढे वैनगंगा ओलांडून वडसा-आरमोरीकडे जातात. ऑक्टोबर २०२२ मध्ये वडसा भागात जेरबंद केलेल्या सीटी-१ या वाघाने त्याआधी तीन जिल्ह्यांत मिळून तेरा माणसं मारली होती. ताडोबाचं यश आणि वडशाचं संकट यांचा हिशेब एकाच वहीत मांडायला हवा. आपल्या वार्षिक अहवालांत ते वेगवेगळ्या पानांवर असतात.

अशा मृत्यूनंतर आपल्या लोकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : जंगलात जाऊ नका, सांगितलं होतं. राज्याची भरपाई आता २५ लाख आहे आणि ती मिळतेही. पण ‘जाऊ नका’ हे वाक्य ज्या बाईला सांगितलं जातं, तिचं वर्षाचं रोकड उत्पन्न या दोन महिन्यांत येतं. धानाचं पीक नोव्हेंबर-डिसेंबरात निघतं, कर्ज-खावटीत जातं. मोह आणि पत्ता म्हणजे मुलाची फी, पावसाळ्याचं तेल-मीठ, लग्नातली साडी. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून बफरच्या घरांत गॅसच्या टाक्या पोचल्या, त्याने सरपणाच्या फेऱ्या कमी झाल्या. हे चांगलं काम आहे. पण गॅसवर मोह उगवत नाही.

आपल्या अधिकाऱ्यांचा यावर एक युक्तिवाद आहे आणि तो मला पटतो. गाडीत बसलेल्या माणसाला वाघ सहसा काही करत नाही. खाली वाकून पान तोडणारी, चेहरा जमिनीकडे असलेली बाई त्याला जनावरासारखी दिसू शकते. म्हणजे धोका पायी जाणाऱ्याला आहे. बरोबर. आपल्या स्वतःच्या माणसांनाही तो आहे. २० नोव्हेंबर २०२१ ला कोअरमध्ये व्याघ्रगणनेच्या खुणा शोधत पायी चाललेल्या आपल्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीने जीव घेतला. पण मग पुढचा प्रश्न मी विचारतो. पायी जाणाऱ्याला धोका आहे हे ठरल्यावर, ज्या हंगामात आणि ज्या वेळेला पायी जाणाऱ्यांना जावंच लागतं, त्या वेळेला त्या रानात दुसऱ्या कुणामुळे जनावराची हालचाल बदलू नये, याची काळजी कुणी घ्यायची? रस्त्याकडेच्या पाणवठ्यावर सहा-सहा गाड्या थांबल्यावर वाघीण पिल्लांना घेऊन कुठे सरकते? मोहाच्या झाडांच्या बाजूला की दुसरीकडे? या पाणवठ्यांची जागा निवडताना पर्यटकाचा रस्ता डोळ्यांसमोर असतो की गावाची वाट? कॅमेरा ट्रॅपची माहिती आपल्याकडे आहे. सफारीच्या वेळा, गाड्यांच्या नोंदी आपल्याकडे आहेत. हल्ल्यांच्या जागा-वेळा आपल्याकडे आहेत. या तीन गोष्टी एकमेकांवर ठेवून पाहा आणि जे दिसेल ते गावाला मराठीत सांगा. पर्यटनाचा संबंध नाही असं निघालं तर मीच शाळाशाळांत जाऊन सांगेन.

३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-२ वाघीण आणि तिच्या पाच पिल्लांना जिप्स्यांनी दोन्ही बाजूंनी कोंडलं. चित्रफीत सगळीकडे फिरली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. कारवाई झाली ती चालक आणि गाईड यांच्यावर. चूक त्यांचीच होती, मी ती झाकणार नाही. पण ती रांग लागली कशामुळे? गाडीतल्या सहा जणांनी भाडं, प्रवेश, कॅमेरा, हॉटेल यांवर खर्च केलेला असतो. ते गाडीत बसल्याबसल्या विचारतात, “साइटिंग होईल ना?” झाली तर गाईडच्या हातात पाचशेची नोट पडते, नाही झाली तर कोरडे आभार. तीनशे पक्षी, रानकुत्री, गवे, अर्जुनाचं दोन माणसांच्या कवेत न मावणारं खोड, उन्हात तांबूस चमकणारं कुसुमाचं झाड, हे सगळं दाखवून परत आणलेल्या पोराला “काहीच दिसलं नाही” असं ऐकावं लागतं. त्याच्या पोटाची गाठ आपण वाघाच्या शेपटीला बांधली आहे. ती सोडवणं आपल्या हातात आहे. गाईडचं मानधन असं ठेवा की टीप हा त्याच्या घरखर्चाचा भाग उरणार नाही. आणि त्याची परीक्षा वाघ किती दाखवले यावर न घेता, गाडी किती अंतरावर थांबवली आणि पाहुण्याला किती गोष्टी सांगितल्या यावर घ्या.

(एक आठवण म्हणून सांगतो. ताडोबात शिकारीवर बंदी १९३५ ची. त्याआधी इथे येणाऱ्या साहेबांसाठी गावातली माणसं हाकारा करत आणि पैसे मिळत ते वाघ उठला तर. बंदूक जाऊन कॅमेरा आला याचं कौतुक आपण नेहमी ऐकतो. हाकाऱ्याच्या मजुरीचं काय झालं, हे कुणी विचारत नाही.)

वाघांना आम्ही नावं देतो : माया, मटकासुर, छोटी तारा, वाघडोह. ती नावं टी-शर्टवर येतात, हॉटेलच्या खोल्यांवर येतात. वाघांना ती नावं द्यायला माझी हरकत नाही, प्रेमाने दिलेली आहेत. फक्त बफरमधल्या मेलेल्या बाईचं नाव पेपरात एकदा छापलं जातं आणि दुसऱ्या दिवशी ती ‘या वर्षातला अमुकावा बळी’ होते.

दुसरीकडे काय चालतं, हेही पाहण्यासारखं आहे. नेपाळात चितवनच्या बफरसाठी १९९६ पासून नियम आहे की राष्ट्रीय उद्यानाच्या उत्पन्नातला ३० ते ५० टक्के वाटा बफरमधल्या लोकांच्या निवडून आलेल्या समित्यांकडे जातो. आणि वर्षातून ठरलेल्या दिवसांत लोकांना उद्यानात जाऊन छपराचं गवत कापू देतात. त्या दिवसांत जंगल त्यांचं. केरळात पेरियारला, कधीकाळी चोरून दालचिनीची साल काढणाऱ्या, शिकार करणाऱ्या माणसांनाच वाटाडे केलं. ते पाहुण्यांना पायी नेतात, बांबूच्या तराफ्यावर फिरवतात. तिथे वाघ क्वचित दिसतो, तरी माणसं येतात. आमच्याकडे गेटांचा पैसा व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानाकडे जमतो, त्यातून गावांत कामंही होतात, बफरच्या समित्यांना वाटाही मिळतो. मी आकड्यांवर वाद घालत नाही. निर्णय कुणाचा, हा माझा प्रश्न आहे. नवं गेट कुठे उघडायचं, कुठल्या रस्त्यावर गाड्या जायच्या, कुठल्या महिन्यात थांबायच्या, हे ज्या सभेत ठरतं, तिथे गावाची माणसं असतात का? आणि असली तर सही करायला असतात की नाही म्हणायला?

आता चंद्रपूर शहराबद्दल दोन शब्द, कारण करमणूक ही फक्त बाहेरून येणाऱ्याची गरज नाही. आम्ही कोळशाच्या खाणी आणि २९२० मेगावॅटच्या महाऔष्णिक वीज केंद्राच्या सावलीत राहतो. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक भागांची यादी केली तेव्हा चंद्रपूर त्यात वरच्या क्रमांकांत होतं. अशा गावच्या माणसाला रविवारी मोकळी हवा हवी असते. त्याच्यासाठी जंगल म्हणजे काय? सफारीचे पैसे त्याच्या आवाक्याबाहेर. वीज केंद्राच्या आवारात, दुर्गापूरच्या वस्तीत वाघ-बिबटे स्वतःच येतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथे एक कामगार आणि एक शाळकरी मुलगा मारला गेला. म्हणजे शहरातल्या कामगाराला जंगलाची भीती फुकट मिळते, आनंद विकत घ्यावा लागतो.

कोकणात सुरूच्या बनात माणसं चटई टाकून बसतात, पोरं वाळूत खेळतात. तिथलं भांडण प्लास्टिकच्या बाटल्यांचं आणि वाळूत घुसणाऱ्या गाड्यांचं. आमच्याकडे चटई टाकून बसता येत नाही, हे मी समजतो. पण सुरक्षित अशी काही ठिकाणं शोधता येतात. घोडाझरी तलाव आहे, आसोलामेंढा आहे, जुनोना आहे. नागभीडजवळचा पेरजागड आहे, ज्याला लोक सातबहिणी म्हणतात. चंद्रपूरच्या गोंडकालीन किल्ल्याचा परकोट आहे, जो इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी २०१७ पासून श्रमदान करून झाडाझुडपांतून मोकळा केला आणि आता तिथे वारसा-फेरी काढतात. अशा जागी पहारा, स्वच्छतागृहं, पाणी, एखादं निरीक्षण मचाण आणि गावचा वाटाड्या एवढं दिलं तर शहराचा ताण कमी होईल. यासाठी जिप्सी लागत नाही, रिसॉर्टही लागत नाही. आपल्या खात्याने मोठमोठे महोत्सव भरवले आहेत. २०२४ च्या ताडोबा महोत्सवात ६५,७२४ रोपांनी एक शब्द लिहून विश्वविक्रमही झाला. विक्रमाचं अभिनंदन. त्यातल्या मेहनतीचा दहावा भाग घोडाझरीच्या काठावर लावला तर चंद्रपूरकर दर रविवारी आपलं नाव घेतील.

जंगलातल्या स्थानिकांच्या आनंदाचं आणखी एक रूप आहे, ज्याला आपण कधी पर्यटन म्हणत नाही आणि म्हणूनच त्याची नोंद होत नाही. ताडोबा तलावाच्या काठी तारूचं ठाणं आहे. ज्याच्यावरून या जंगलाला नाव पडलं, तो गावप्रमुख वाघाशी झुंजताना मेला असं गोंड मंडळी सांगतात. पौषात तिथे जत्रा भरायची. १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, नंतर कोअरचे नियम आले, बोटेझरी, कोळसा, नवेगाव, जामणी या गावांतली माणसं बाहेर गेली. जत्रा आवरली गेली. मी जत्रेच्या गर्दीची बाजू घेत नाही; कोअरमध्ये लाऊडस्पीकर नको, कचरा नको, रात्रीचा मुक्काम नको. पण आज त्या ठाण्यासमोर गाडी थांबते, गाईड दोन वाक्यं सांगतो, पाहुणे फोटो काढतात. ज्यांचा तो देव आहे, त्यांच्या नातवंडांनी तिथे कसं आणि कधी जायचं, याची सोय पाहुण्याच्या सोयीइतकी नीट आखलेली आहे का? वर्षातला एक मंगळवार तारूच्या माणसांसाठी ठेवा. मंगळवारी कोअर बंदच असतं, एकाही सफारीचं नुकसान होणार नाही.

काही जण म्हणतील, गावकऱ्यांच्या हातात दिलं तर ते जंगल ओरबाडतील. मग पाचगावला जा. गोंडपिपरी तालुक्यातल्या या गावाला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. बांबू विकून गाव उभं राहिलं. आणि तेंदूपत्ता, ज्यावर हमखास पैसा मिळतो, तो तोडणं त्यांनी ग्रामसभेत ठराव करून बंद केलं, कारण पत्त्यासाठी फांद्या छाटाव्या लागतात, आगी लावल्या जातात, जंगलाचं नुकसान होतं. फळ पिकू द्यायचं, पाखरांना आणि पोरांना खाऊ द्यायचं असं ठरलं. स्वतःच्या उत्पन्नावर स्वतःहून मर्यादा घालणारा असा ठराव एखाद्या रिसॉर्टमालक संघटनेने केलेला मी तरी ऐकलेला नाही. आपल्या खात्यानेही गेट कमी करण्याचा केलेला नाही.

ग्रामसभेने ठरवण्याची हीच रीत मला गडचिरोलीत न्यायची आहे, कारण तिथे अजून उशीर झालेला नाही. धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा आपल्याला ठाऊक आहे. देशात सामूहिक वनहक्क मिळालेल्या पहिल्या गावांपैकी ते एक, सुमारे १८०० हेक्टरांचं. २७ एप्रिल २०११ ला बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक तिथल्या ग्रामसभेच्या हाती केंद्रीय मंत्री आणि मुख्यमंत्री यांनी स्वतः येऊन दिलं. त्यानंतर जिल्ह्यातल्या हजाराहून जास्त गावांना असे हक्क मिळाले. म्हणजे तिथलं जंगल सांभाळायचा आणि वापराचे नियम करायचा अधिकार कायद्याने ग्रामसभेचा आहे. आणि आता तिथेही पाहुण्यांची चाहूल लागली आहे. गडचिरोली शहराजवळ गुरवळ्याला निसर्ग सफारी सुरू झाली. कमलापूरच्या हत्ती कॅम्पला राज्यभरातून माणसं येतात. २०२२ मध्ये हत्ती गुजरातला नेण्याची हालचाल झाली तेव्हा ‘आमचे हत्ती’ म्हणून तिथली माणसं रस्त्यावर उतरली होती, हे विसरू नका. आलापल्लीचं वनवैभव, सहा हेक्टरांवर राखलेले जुने साग, २०१४ पासून राज्याचं पहिलं जैवविविधता वारसास्थळ आहे. तिकडे वडाधामला जीवाश्म आहेत, कोलामार्काला रानम्हशी आहेत. ऑक्टोबर २०२१ पासून ओडिशाकडून आलेले रानहत्ती धानाच्या बांधांवरून फिरतात, आणि त्यांनाही बघायला माणसं धावतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये आबापूरच्या जंगलात हत्तीबरोबर सेल्फी घेताना एका तरुण मजुराचा जीव गेला. बघण्याची हौस फक्त श्रीमंताला असते असं नाही.

तिथे मोहर्लीची नक्कल करू नका. ताडोबाचा साचा, म्हणजे गेट, जिप्सी, ऑनलाइन बुकिंग आणि भोवती रिसॉर्ट, हा गडचिरोलीच्या जंगलावर बसवला तर आधी वाट बंद होईल ती ग्रामसभेची. सूरजागडच्या डोंगरात ९३७ हेक्टर वनजमीन लोहखाणीच्या कामासाठी वळवायला २०२५ मध्ये तत्त्वतः मान्यता मिळाली, लाखाहून जास्त झाडं त्यात आहेत. ठाकूरदेवाच्या त्या डोंगरावर जानेवारीत माडिया यात्रेला जमतात. खाणीचा निर्णय आपल्या टेबलावर होत नाही, हे मान्य. पण खाणीने जे मोठ्या आवाजात घेतलं, ते पर्यटनाने हळू आवाजात घेऊ नये, एवढं आपण पाहू शकता. तिथे सफारी हवी असेल तर आधी ग्रामसभेत विचारा : हवी का, किती गाड्या, कुठला रस्ता, कुठले महिने. नाही म्हटलं तर नाही. हो म्हटलं तर तिकिटाचं पुस्तकही तिच्याच हातात द्या, जसं परवान्याचं दिलं होतं.

चंद्रपूरसाठी माझं मागणं थोडक्यात लिहितो, कारण आपल्या टेबलावर लांबलचक निवेदनं खूप येतात. मोह आणि तेंदूच्या दिवसांत बफरमधल्या आणि ब्रह्मपुरी विभागातल्या ग्रामसभांनी दर आठवड्याला कक्षांची यादी द्यावी, त्या कक्षांत सकाळची सफारी जाणार नाही. त्या कक्षांत वेचणाऱ्यांबरोबर पीआरटीची, म्हणजे गावच्या प्राथमिक प्रतिसाद दलाची, पोरं शिट्ट्या-काठ्या घेऊन असतील आणि त्यांची रोजंदारी गेटच्या उत्पन्नातून निघेल. आज ही पोरं बहुतेक वेळा जीव मुठीत धरून सेवा म्हणून उभी राहतात. एखाद्या भागात माणूस मारला गेला आणि गावाला तिकडे बंदी केली, तर ती बंदी गाडीलाही लागू. बफरमधलं एकही नवं गेट ग्रामसभेच्या ठरावाशिवाय नको, आणि आहेत त्या गेटांचा दर तीन वर्षांनी ग्रामसभेने फेरविचार करावा. गाईडच्या मानधनाचं वर लिहिलंच आहे.

यातून उत्पन्न घटेल, असं आपल्याला कुणीतरी सांगेल. थोडं घटेल. मे महिन्यातल्या काही सकाळी काही जिप्स्या उभ्या राहतील, काही पाहुणे नाराज होतील. त्यांना गाईडने सांगावं की आज या रानात बाया मोह वेचत आहेत. मला वाटतं, बहुतेकांना ते कळेल. मारुती चितमपल्लींची पुस्तकं वाचून जंगलात येणाऱ्यांचा हा महाराष्ट्र आहे. त्यांना वाघ न दिसता परतलेलं चालतं, फक्त कुणीतरी त्यांना तसं विचारायला हवं.

मोह टपकायच्या आधी, म्हणजे फेब्रुवारीतच, एक बैठक लावावी. नागपुरात नको, चंद्रपूरच्या विश्रामगृहातही नको. सिंदेवाही किंवा मोहर्लीच्या बाजूला एखाद्या शाळेत. बसायच्या सतरंज्या आमच्याकडे आहेत. तारीख मंगळवारची ठेवा, कोअरची गेटं बंद असतात, म्हणजे गाईड आणि चालक पोरांनाही येता येईल. वेळ दुपारी तीननंतरची बरी, सकाळी बायांना कामं असतात. आणि उत्तर मला एकट्याला पाठवू नका, ग्रामसभांच्या नावे पाठवा, मराठीत.

आपला,
चंद्रपूर जिल्ह्यातला एक निवृत्त शिक्षक